मेन स्विच

अमेयदादाने बूट काढायच्या आधीच फुशारकी मारली. "आई, निघताना हीटर, गीझर सगळं बंद करून आलोय. मेन स्विचसुद्धा!"

"गुणाचं लेकरू ते," म्हणत आईने तव्यावर आणखी एक थालीपीठ थापलं.

जाईने मात्र हातातला घास ताटात ठेवला. सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या या घराचा नियमच होता तो: कुलूप लावण्याआधी एकूण एक स्विच बंद. पण दादा शिकायला होता अमेरिकेत, क्लीव्हलंडला, एरी सरोवराच्या काठी. आणि भूगोलाच्या प्रोजेक्टसाठी जाई महिनाभर त्याच गावाच्या हिवाळ्याच्या मागे लागली होती. सरोवरावरून वारा सुटतो, वाटेत वाफ गोळा करतो आणि काठावरच्या शहरावर गुडघाभर बर्फ ओतून मोकळा होतो! तिने फोनवर तिथलं तापमान बघितलं. उणे सोळा.

"दादा, तुझ्या खोल्यांच्या खाली कोण राहतं?"

"घरमालकीण. मिसेस नोवाक. एकट्याच असतात. का गं?"

"घर गार पडलं की पाइपातलं पाणी गोठतं. गोठलं की फुगतं, पाइप फुटतो. मग सगळं पाणी त्या म्हातारीच्या डोक्यावर!"

"रिलॅक्स लाह!" दादाने सिंगापुरी सूर लावला. "आली मोठी शिकवायला." पण हसता हसताच त्याचा चेहरा उतरला. "दीड दिवस झाला मला निघून."

"मग लाव फोन."

"तिथे पहाटेचे सहा वाजलेत. काय सांगू? मी मूर्ख आहे म्हणून?"

"हो, तेच सांग."

तो जागचा हलेना. शेवटी जाईनेच त्याच्या हातातला फोन ओढला. गेल्या वर्षीची जाई वर्गात हजेरी देतानाही पुटपुटायची. डिबेटच्या टीममध्ये गेल्यापासून आधी तिचा आवाज पोचायचा, मग ती. रिंग वाजून वाजून थांबली. तिने पुन्हा लावला. आईने गॅस बंद केला. तिसऱ्या खेपेला पलीकडून खोकला ऐकू आला.

जाईने एका दमात सगळं सांगून टाकलं.

सपाता फरफटल्या, जिना करकरला, किल्ल्या वाजल्या. "अगं बाई, इथे तर माझा श्वास दिसतोय!" मग खट्. हीटर घरघरला.

"आता नळ सोडून बघा," जाई म्हणाली.

काही नाही. थेंबसुद्धा नाही.

"सिंकखालचा पाइप दगड झालाय. थांब, केस वाळवायचा ड्रायर आणते."

दहा मिनिटं तिघं जण टेबलावरच्या फोनकडे टक लावून बसले. थालीपिठं गार झाली. एकोणीस वर्षांच्या दादाने आईचा हात घट्ट धरून ठेवला होता.

टप्. टप्टप्. मग एक बारीक धार.

"कुठे गळत नाहीये," म्हातारी पाइप चाचपून म्हणाली. "तो मुलगा आहे का तिथे?"

"सांग, मी झोपलोय," दादा कुजबुजला.

"हा काय, इथेच आहे!" जाईने फोन त्याच्या हातात कोंबला आणि त्याच्या ताटातलं थालीपीठ आपल्या ताटात ओढलं.