शेवटची पंगत

वंदनाने देवीला नवस बोलताना हात जरा सैलच सोडला होता. पोरगा गोळ्यांच्या नशेतून सुटला, तर मस्तगडातल्या आपल्या अख्ख्या गल्लीला पुरणाचं जेवण घालीन, आणि पंगतीला हरिओम स्वतः वाढील.

हरिओम सुटला. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, याला इतक्यात त्या गल्लीत नेऊ नका. म्हणून तो हसनाबादला मामाकडे, रामरावकडे राहिला. म्हशींचं दूध काढायचा, मामाच्या लेकरांना शाळेत सोडायचा. अंग भरलं होतं, हसायलाही लागला होता.

पण नवस राहिला तर देवी कोपेल, ही धास्ती वंदनाला डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा मोठी. "एका दिवसाचा तर सवाल हाय," म्हणत तिने पोराला बोलावून घेतलं.

गल्ली जेवायला कधी मागे राहिली आहे? आणि गल्लीत जेवण म्हटलं की वाढपाला कोपऱ्यावरच्या पानटपरीवरचीच पोरं. पार्थ सगळ्यांत पुढे, आमटीची बादली घेऊन. हरिओमला पहिली गोळी यानेच दिली, हे वंदनाला पक्कं ठाऊक होतं. पण नवसाच्या जेवणातून कुणाला हाकलायचं कसं?

दोन पंगती उठल्या तसा हरिओम चुलीपाशी आला.

"आई, मला जल्दी जाऊ दे. इथं जीव घाबरून राह्यला."

"वाढणाऱ्यानं उपाशी जाऊ न्हाई बाबा, नवस अर्धा राहतो. शेवटच्या पंगतीला दोन घास खा, मंग जा."

शेवटची पंगत वाढप्यांची. तिनेच त्याला पार्थशेजारी बसवलं. जेवून पोरं पान खायला म्हणून उठली, हरिओमही उठला. दिवेलागणीला परतला तेव्हा जीभ जड झाली होती आणि डोळे तेच जुने होते. शेजारची चांगुणाबाई रिकामी पातेली घासता घासता म्हणाली, "पावली बरं देवी तुला." वंदनाला वाटलं, ही धरणी फाटावी.

सकाळी रामराव मोटारसायकल घेऊन न्यायला आला. हरिओमने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मामा, तुमी जा. लेकरांसमोर मी असा न्हाई येणार. त्यांना सांगा, मला काम लागलं."

रामराव उंबऱ्यावरूनच मागे फिरला. वंदनाला त्याला पाणीसुद्धा विचारता आलं नाही.