कोरा हात

टोचल्या जागेवर काहीच नाही — ना गाठ, ना लाली, मसुराएवढाही फुगवटा नाही. डॉक्टर विजयमालेनं चार वर्षांच्या छबूचा काटकुळा हात उजेडाकडे वळवला, बोटानं चाचपला, आणि मनात म्हणाली, सुटली पोर! परवा क्षयाची चाचणी टोचली होती. आत क्षय असता तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी चवताळून धावल्या असत्या, हात टरारून सुजला असता. मग हा खोकला?... असेल साधाच. शरीर खोटं बोलत नाही हे तिचं ठाम मत, आणि जामखेडच्या दवाखान्यात आल्यापासून त्या मतानं तिला कधी दगा दिला नव्हता.

"क्षय नाही, कडूबाई," ती छबूच्या आईला म्हणाली.

"लई भलं झालं, बाई! ऊसतोडीचा ट्रक भाईर हुबा हाय. आईबी येऊन गेली, आता पोरीच्या जिवाला घोर न्हाई."

आई येऊन गेली... विजयमालेनं छबूचा हात पुन्हा उजेडाकडे ओढला. परवा विचारलं होतं — इतक्यात काही आजार? तर "न्हाई" म्हणाली. अगं शहाणे, तिनं स्वतःलाच सुनावलं, तू आजार विचारलास! देवळालीच्या मळ्यात वाढलीस आणि एवढं कळू नये? अंगावर गोवर उठला की घरात देवी, म्हणजे आई, पाहुणी; ती असेतो घरात फोडणीसुद्धा द्यायची नाही. पाहुणीला आजार कोण म्हणेल?

"घरात फोडणी कधी बंद होती?"

"दसऱ्यापातुर. लिंबाचा डहाळाबी हुता दाराला."

आणि दिवाळी तर आत्ता सरली... गोवराचा विषाणू पांढऱ्या पेशींतच शिरतो, त्यांच्याच हातून आपली प्रथिनं घडवून घेतो, त्यांचं मूळचं काम विसकटून टाकतो — मग क्षयाचा जंतू समोर ठाकला तरी त्या ढिम्म, चोराच्या हातची भाकर खाल्लेल्या कुत्र्यासारख्या. शरीर खोटं बोललं नव्हतं. त्याची वाचाच बसली होती. गोवरानंतर दबलेला क्षय उफाळतो; हा खोकला, हा काटकुळा हात त्याचेच... आणि मी 'नाही' म्हणून मोकळी झाले!

"कडूबाई, छबूला नेऊ नका. क्षयच आहे. औषध आजच सुरू करते, छातीचा फोटो नगरला काढू. तुम्ही मागं राहा."

बाहेर ट्रकचा भोंगा वाजला.

"मी ऱ्हायले तर कोयता मोडतो, बाई. नवराबायकूच्या जोडीबिगर एकट्या मालकाला कामावर कोन घेनार? आन् मगाशी तर तुमीच न्हाई म्हनला."

"चुकलं माझं."

"मंग आता चुकत न्हाई कशावरनं?"

पुढे करावा असा पुरावा विजयमालेकडे नव्हता. आजवर तिची खात्री कशाला तरी टेकून असे, नळीला, काचेला, टोचणीला. आज टेकू निघाला तरी ती होती तिथंच उभी... आणि स्वतःच्या खात्रीची तिला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. भीती वाटली, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. कडूबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि विजयमालेनं नजर वळवली नाही.