गोण्यांच्या खोलीचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे. सध्या मी काहीही बंद करत नाही. माझा दांडा वाकडा झाला आहे. तरी माझी हकिकत ऐका, कारण कुलपाला बोलायची संधी सहसा मिळत नाही. तोंड मिटून बसणे हाच आमचा धंदा.

माझा जन्म अलीगढचा. अंग पितळी, वजन पाऊण किलो, पोटात सात लिव्हर. १९८९ साली नाशकात रविवार कारंजाजवळच्या एका दुकानातून गोटीरामबाबांनी मला घेतले. मखमलाबादच्या शिवारात त्यांचा झेंडूचा आणि गुलाबाचा मळा होता. तिथल्या गोण्यांच्या खोलीवर माझी नेमणूक झाली. आत खताच्या गोण्या, फवारणीचा पंप आणि फुलांच्या रिकाम्या पाट्या. चोराने पाहिले असते तर त्यालाच वाईट वाटले असते. पण दुकानदार म्हणाला होता, "हत्ती आला तरी तुटणार नाही." तेव्हापासून मी हत्तीची वाट पाहत होतो. नऊ वर्षांत एकही आला नाही.

बाबांचा मुलगा ज्ञानेश ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर होता. दर दिवाळीला तो मला उतरवून रॉकेलने धुवायचा, तेलाचे दोन थेंब सोडायचा आणि कानाशी धरून खटका ऐकायचा. असे कौतुक फार थोड्या कुलपांच्या वाट्याला येते.

मग ज्ञानेश पिऊ लागला. आधी पगाराच्या दिवशी, मग पाळी सुटल्यावर, मग पाळीवर जायच्या आधी. एका दिवाळीला त्याने तेल सोडले, ते माझ्यात कमी आणि त्याच्या पायावर जास्त पडले. विमानाचे स्क्रू बसवणारे ते हात. मला कसेसेच झाले.

घरच्यांनी उपाय केले. ताईत झाला, अंगारा झाला. कुणीतरी दारू सोडवायची पुडी दिली, गुपचूप चहात घालायची. ज्ञानेशच्या आईने, साळूबाईंनी, ती घातली, पण कपांची अदलाबदल झाली. त्या दिवसापासून गोटीरामबाबांनी चहा सोडला. ज्ञानेशवर परिणाम नाही.

१९९८ साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्ञानेश झेंडूच्या ढिगात झोपलेला सापडला, तोही व्यापाऱ्यांच्या देखत. बाबांनी त्याला उचलून गोण्यांच्या खोलीत टाकले. "आठ दिवस कोंडला की उतरंल सगळी," म्हणाले. किल्ली करदोट्याला बांधली. लोकांना सांगायचे ठरले, की ज्ञानेश मावशीकडे नामपूरला गेलाय, कांद्याच्या कामाला. परत कधी येणार, असे विचारले की उत्तर एकच, कांदा संपल्यावर. नामपूरचा कांदा कधी संपला आहे, सांगा बरे.

आयुष्यात प्रथमच माझ्यामागे राखण्यासारखे काही होते, आणि मला क्षणभरही चैन पडेना. पहिल्या दिवशी तो शिव्या देत होता. दुसऱ्या दिवशी फेऱ्या मारू लागला. पाच पावले, दारावर धडक, पाच पावले, दारावर धडक. प्रत्येक धडकेला मी कोयंड्यावर आपटत होतो. थांबावे तर दोघांनाही थांबता येईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा फुले घेऊन मार्केटला गेले आणि कोंडाजी हवालदार आले. हे लष्करातून निवृत्त झालेले. देवळाली कॅम्पात त्यांचे हारांचे दुकान, फुले इथूनच न्यायचे.

"काय वैनी, ज्ञानेश आला का नामपूरवरनं?"

"नाय वो भाऊजी. कांदा लय हाय तिकडं."

तेवढ्यात आतून धडक बसली. मी खणखणलो.

"घूस हाय," साळूबाई म्हणाल्या.

हवालदारांनी दाराच्या फटीतून आत सरकवलेली ताटली पाहिली. "घुशीला पिठलं-भाकरी? वर कांदाबी फोडून दिलाय. नामपूरचा असंल."

साळूबाईंनी पदर तोंडाला लावला. आतून आवाज आला, "आई, मुंग्या काढ गं. भिंतभर लाल मुंग्या हायेत."

"कालधरनं असंच चाललंय," साळूबाई रडत म्हणाल्या. "घामानं भिजलाय, थरथरतोय. हे म्हणत्यात, प्यायला मिळावी म्हणून नाटकं हायेत."

हवालदारांचा चेहरा बदलला. "वैनी, नाटक नाय ते. रोजची दारू एकदम तुटली का असं व्हतं. झटके येत्यात. माणूस जातो. मला घरच्यांनी असंच कोंडलं व्हतं. शेजारी नर्स राहायची म्हणून वाचलो."

"तुमी? तुमी पीत व्हता?"

"तोफखान्यात माझ्या तोंडाजवळ काडी ओढायला बंदी व्हती, वैनी. आता सहा वर्षं झाली, थेंब नाय. ह्याचा डॉक्टर सरकारी दवाखान्यात बसतो. नंतर दर शनिवारी कॅम्पात आमची बैठक असती, सगळे माझ्यासारखेच. आधी दार उघडा. किल्ली कुठंय?"

"ह्यांच्या कमरेला. दुपारशिवाय यायचे नाय. आन् त्यांना न विचारता..."

आतल्या फेऱ्या थांबल्या. काहीतरी धपकन पडले. मग पत्र्याच्या पंपावर टाचा आपटल्याचा आवाज, आणि तोही थांबला.

साळूबाई घरात गेल्या आणि वरवंटा घेऊन आल्या.

मित्रांनो, आता खरे सांगतो. पहिल्या घावाला मी सवयीने धरून राहिलो. दुसऱ्या घावाला कान देऊन ऐकले, आतून काहीच ऐकू आले नाही. तिसऱ्या घावाला मी सुटलो. सात लिव्हरच्या कुलपाने तीन घावांत सुटणे बरे नव्हे, पण मी तरी काय करणार? नऊ वर्षे वाट पाहिलेला हत्ती शेवटी आला होता, नऊवारी नेसून.

दुपारी बाबा आले. दार सताड उघडे, मी धुळीत. हवालदार आणि साळूबाई ज्ञानेशला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले, तशी त्यांनी करदोट्याची किल्ली सोडून माझ्याजवळ टाकली. मग तसेच दवाखान्यात गेले. तिथे खिडकीवरच्या बाईने विचारले, "कोण पाहिजे?" साळूबाई सांगतात, की बाबांनी साऱ्या रांगेला ऐकू जाईल असे सांगितले, "माझा मुलगा. दारूनं आजारी हाय."

ज्ञानेश वाचला. लगेच सुधारला म्हणाल, तर नाही. दोनदा घसरला. पण पुन्हा दार लागले नाही. दोन्ही वेळा बाबाच त्याला बैठकीला सोडून आले आणि बाहेर बिनचहाचे बसून राहिले. २००१ पासून त्याने घेतलेली नाही.

आता मी कॅम्पातल्या त्या बैठकीच्या खोलीत टेबलावर असतो, ज्ञानेशनेच मला इथे आणले. बैठकीचा वार, वेळ आणि डॉक्टरांचा पत्ता लिहिलेले कागद पंख्याने उडतात, त्यांच्यावर मला ठेवतात. मित्रांनो, कुलूप कपाटाला लावा, गोदामाला लावा. घरात कुणाचे हात थरथरू लागले तर दार लावू नका, बाहेर पडून विचारा. जो मदत करू शकेल तो कदाचित दारात फुले घ्यायला येतच असेल, आणि तुम्ही त्याला कांद्याच्या गोष्टी सांगत असाल.

गेल्या शनिवारी एक बाई दाराशी आल्या. आत येईनात, जाईनातही. चप्पल घालत होत्या, काढत होत्या.

"मी आपली सहज आले," त्या म्हणाल्या. "आमचे हे बाहेरगावी असतात."

ज्ञानेशने खुर्ची पुढे केली. "बसा ताई. नामपूरला का?"

त्यांना काही कळले नाही. त्या बसल्या. ज्ञानेशने मला उचलून बाजूला ठेवले आणि खालचा एक कागद त्यांच्या हातात दिला. त्याचा हात अगदी स्थिर होता.