कुरकुरणाऱ्या तिवईची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी, तीन पायांची तिवई आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझं डोकं तापलेलं आहे. तिवईला कुठलं आलंय डोकं, म्हणून हसू नका. तुम्ही ज्यावर बसता तेच माझं डोकं. शेकडो मुलं त्यावर बसून गेली, पण त्यानं ते तापलं नाही. ते तापवलं मोठ्या माणसांनी.

एका सुतारानं दाराच्या उरलेल्या फळीतून मला घडवलं. दोन पाय खाचेत घट्ट बसले, तिसरा केसभर सैल राहिला. गिऱ्हाइकानं मला हलवून पाहिलं तशी मी कुर्र केलं. "पोरांनाच बसायचंय ना? मग चालतंय!" असं म्हणून सुतारानं हात झटकले. अशी मी बुटांच्या एका दुकानात, मुलांच्या कप्प्यासमोर येऊन पडले.

तिथं एक विक्रेती होती. वय जेमतेम बावीस, पण सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मीही म्हणते. मुलाच्या पायात बूट घालणं म्हणजे मांजराला अंघोळ घालणं. बोटं आखडतात, टाच वर राहते, आई ओरडते, मूल त्याहून मोठ्यानं ओरडतं. बाईंनी यावर एक युक्ती काढली. त्या जमिनीवर उकिडव्या बसत, पाय हातात धरत आणि हळूच म्हणत, "या बुटात काल कोण राहायला आलं होतं, माहितेय?"

मूल गप्प. पाय आत.

गोष्ट चांगली चालली की मूल दगडासारखं बसे आणि मीही चिडीचूप. गोष्ट जरा सैल पडली की मूल चुळबुळे, मी कुर्र करी आणि पाय बुटाबाहेर! बाईंची शाळा आठवीतच सुटली होती. लिहायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलं असेल, तर ते माझ्या सैल पायानं. ज्या गोष्टीत मी वाजले नाही, ती गोष्ट जेवणाच्या सुट्टीत खोक्याच्या झाकणावर लिहून ठेवायची, हा त्यांचा नेम.

एके दिवशी एक मुलगा नवे बूट घालूनही उठेना. "गोष्ट संपू दे," म्हणून हटून बसला. त्याचे वडील प्रकाशक निघाले. तेही शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले आणि जाताना सगळी झाकणं मागून घेऊन गेले. मित्रांनो, त्या झाकणांचं पुस्तक झालं. मग दुसरं, मग पाचवं. बाईंनी नोकरी सोडली तेव्हा दुकानदारानं विचारलं, "निरोपाला काय देऊ? घड्याळ देऊ?" बाई म्हणाल्या, "तिवई द्या."

तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मानाचा दिवस होता.

घरी आमची पद्धत ठरून गेली. नवी गोष्ट लिहून झाली की शेजारपाजारचं एखादं मूल माझ्यावर बसायचं. बाई समोर बसून वाचायच्या. डोळे कागदावर, कान माझ्याकडे. मी वाजले की समासात लाल रेघ. रेघ पडली तो मजकूर नव्यानं लिहायचा, नाहीतर सरळ उडवायचा. अशी अकरा पुस्तकं झाली. मुलांनी ती अंथरुणात, पायरीवर, जेवताना ताटाशेजारी ठेवून वाचली, पानं फाटेपर्यंत वाचली. लोक विचारत, "मुलांचं मन तुम्हाला कळतं तरी कसं?" बाई म्हणत, "मला डोंबल कळतंय! माझी तिवई सांगते." लोकांना तो विनोद वाटे. बाईंना मात्र एकच धास्ती असे, गोष्ट अर्ध्यावर असताना मूल उठून जाईल. त्या धास्तीवरच त्यांचं सगळं लिखाण उभं होतं.

आणि मग बाई मोठ्या झाल्या. वयानं नव्हे हो, मानानं. हार आले, शाली आल्या, व्यासपीठं आली. "ताई, आता काहीतरी भरीव लिहा," प्रकाशक म्हणाले. कुणी म्हणालं, मुलांवर संस्कार हवेत. बाईंच्या बाराव्या पुस्तकात एक नदी होती, आणि ती नदी वाहायचं सोडून भाषणं ठोकत होती. चाळीस पानं!

पहिलं प्रकरण ऐकायला शेजारची भिंगरी आली. नाव वेगळं आहे, पण आठ वर्षांची ती पोर एका जागी टिकत नाही म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणतात. एका प्रकरणात मी एकोणीस वेळा वाजले. बाईंनी लाल पेन्सिल आपटली. "हिचं वय झालंय," त्या म्हणाल्या. हिचं म्हणजे माझं. मला हात असते, तर कपाळावर मारून घेतला असता.

पुढचा घोळ त्यांच्या यजमानांनी केला. चांगला माणूस, पण पंप दुरुस्त करण्यात जन्म गेलेला, त्यामुळे सैल काही दिसलं की आवळायचं. दुसऱ्या सकाळी बाई बाहेर गेल्या तशी त्यांनी मला उलटी केली, खाचेत सरस ओतला, वर चार स्क्रू पिळले. "अगं, तिला वाचताना किती त्रास देतेस!" असं मलाच सुनावलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो हाच.

आणि कहर म्हणजे त्यांनी बाईंना सांगितलंही नाही. उपकार गुपचूप करायचे म्हणे!

संध्याकाळी बाईंनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. माझ्यावर बसून भिंगरी काय काय करत होती, ऐका. ती डावीकडे कलली, उजवीकडे कलली, पाय वर घेतले, वेणी चावली, छताकडे पाहून तोंड वेडंवाकडं केलं. मी जीव खाऊन ओरडायला गेले. आवाज नाही! बाई कागदावरची नजर न काढता वाचत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी ऐकणाऱ्या मुलाकडे मान वर करून पाहिलंच नव्हतं. त्याची गरजच पडली नव्हती. चार दिवसांत पुस्तक वाचून संपलं.

"ऐकलंत?" बाई यजमानांना म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "एकदासुद्धा वाजली नाही! भिंगरे, गोष्ट कशी वाटली?"

"छान," भिंगरी म्हणाली आणि बाणासारखी घराबाहेर.

पुस्तक छापून आलं. मोठ्या माणसांनी ते डोक्यावर घेऊन नाचायचं तेवढं बाकी ठेवलं. प्रगल्भ म्हणाले, चिंतनशील म्हणाले. मुलांनी? ग्रंथपालांनी शेवटी बाईंना चाचरत सांगितलं, "आईवडील घेऊन जातात हो, पण मुलं तिसऱ्या दिवशी परत आणून टाकतात. पहिली आठ पानं तेवढी मळलेली असतात."

बाई घरी आल्या त्या धुमसतच. "आजकालच्या पोरांना वाचायलाच नको!" भिंगरी दारात उभी होती. बाईंनी तिला आत ओढली. "तू सांग. खरं सांग."

"आई म्हणाली होती, मावशीनं खूप मेहनत केलीय, छानच म्हणायचं."

"मग तिवई का नाही वाजली?"

"कशी वाजेल? काकांनी स्क्रू मारलेत ना! मी बसले तेव्हाच मला कळलं. मी केवढी हलले, मावशी! माझी मान दुखली."

बाईंनी मला उलटी केली. चार स्क्रू चकाकत होते.

"अहो!"

"अगं, मी तुझ्यासाठीच..." यजमान चहाचा कप घेऊन अर्ध्यावरच थांबले. "काढतो. आत्ता काढतो. पेचकस आणतो."

"काढून काय उपयोग? सरस वाळून दगड झालाय." बाई फरशीवरच बसल्या, पूर्वी दुकानात बसत तशा. मग पुस्तक उघडलं. "भिंगरे, बस. मी वाचते. या वेळी तुझ्याकडे बघत वाचते."

त्यांनी वाचलं, मान वर केली, वाचलं, मान वर केली. दुसऱ्या पानावर भिंगरीची नजर खिडकीत गेली. बाई थांबल्या.

"कंटाळा आला?"

भिंगरीनं आधी दाराकडे पाहिलं, आई ऐकत नाही ना म्हणून. "हो," ती म्हणाली. "नदी किती बोलते!"

तेवढ्यात प्रकाशकांचा फोन आला. दुसरी आवृत्ती काढूया, म्हणत होते. "थांबवा," बाई म्हणाल्या. "मोठ्यांनी पहिली वाचली, तेवढी पुरे. मला ही गोष्ट मुलांसाठी पुन्हा लिहायचीय."

मित्रांनो, तेव्हापासून माझी नोकरी गेली. आता बाई कान लावून बसत नाहीत, डोळ्यांत बघतात. मला आनंद झाला का? झाला. वाईट वाटलं का? तेही वाटलं, खोटं कशाला बोलू? पण एक विनंती करते. आम्हा जुन्या वस्तूंना जपा, पुसा, ऊन-पाण्यात टाकू नका. पण दुरुस्त करण्याआधी आम्ही का कुरकुरतोय, ते एकदा विचारा. आणि तुमच्यासाठी म्हणून लिहिलेली गोष्ट कंटाळवाणी निघाली, तर हाताची घडी घालून 'छान' म्हणू नका. खुशाल चुळबुळा. लिहिणारा कितीही मोठा असो, आधी त्याला हे कळू दे की तुम्ही उठून निघाला आहात.