बायपासवरचा भार

अनंताने तेलकट हात चिंधीला पुसले आणि भिंतीला टेकलेली सायकल ओढली.

"भाऊ, मोटरचे ब्रश बदलले. संच मस्त फिरून राह्यला. मी टेशनावर जातो, साहेबाले घेऊन येतो."

"हाव, जा," भालचंद्र म्हणाला आणि वळला, तेव्हा पॅनेलवरचा पिवळा दिवा त्याला दिसला.

मलकापूरच्या या टेलिफोन केंद्रात विजेचे तीन मार्ग होते. एरवी बाहेरची वीज मोटर फिरवी, मोटर जनित्र फिरवी आणि मुंबई-नागपूरच्या वाहिन्या त्या जनित्रावर चालत. वीज गेली की मोटर-जनित्राच्या दांड्यावरचे जड चक्र आपल्याच वेगाने जनित्र ओढत राही, तेवढ्यात डिझेल इंजिन पकड घेई. बोलणाऱ्याला पत्ताही लागत नसे. तिसरा मार्ग फक्त दुरुस्तीपुरता: मोटर, जनित्र, इंजिन असा हा सारा संच वगळून बाहेरची वीज थेट यंत्रांना. हा बायपास. पिवळा दिवा त्याचा. अनंताने संच सुरू केला होता, वाहिन्यांचा भार मात्र त्याच्यावर परत घ्यायला तो विसरला होता.

त्यासाठी पॅनेलवरची एक मूठ फिरवणे पुरे होते. पण तिच्यावर अनंताचा पितळी बिल्ला लटकत होता, आणि दुसऱ्याचा बिल्ला असलेल्या मुठीला हात लावायचा नाही, असा केंद्राचा नियम होता. हाक मारायला मनाई नव्हती. सायकल अजून फाटकातच होती.

भालचंद्राने चष्मा काढून पुसायला घेतला. तपासणीला येणारे साहेब केंद्राचा प्रभारी आज ठरवणार होते. नोकरीत जुना तो. पण साहेब फोनवर मागत ते अनंताला, आणि चौकीदार पुंजाजी चहासुद्धा आधी त्याच्याच पुढे ठेवी. काचांवर डाग नव्हते, तरी तो पुसत राहिला. मग चष्मा लावून त्याने पाहिले. फाटक रिकामे होते.

दुपारी कापसाच्या जिनिंगच्या मोटरी सुरू झाल्या की गावाची वीज बहुधा जाई. त्या दिवशी ती गेली तेव्हा साहेब संचापाशी वाकले होते आणि अनंता पॅनेलकडे पाठ करून त्यांना नवे ब्रश दाखवत होता. इंजिन क्षणात धडधडले. संचात काही खोट नव्हती. त्याच्यावर भारच नव्हता. शेजारच्या खोलीत मुंबई-नागपूर वाहिन्या मुक्या झाल्या.

अनंताने धावत जाऊन मूठ फिरवली.

"चूक माही, साहेब. भार बायपासवरच राह्यला."

साहेबांनी भालचंद्राकडे पाहिले. "तुम्ही इथेच होता ना? दिवा दिसला नाही?"

नियम भालचंद्राच्या ओठांवर तयार होता. पण आधी अनंताच बोलला.

"बिल्ला माहा होता, साहेब. त्यायले हात लावता येत नोता. भाऊ नियम मोडत नाहीत."

साहेबांनी मुठीवरचा पितळी बिल्ला बोटांनी उलटून पाहिला.

"मग केंद्र यांच्याच हाती बरं. भालचंद्रराव, आजपासून प्रभारी तुम्ही."

साहेबांचा टांगा दृष्टीआड झाल्यावर अनंता जवळ आला.

"काऊन गप बसले, भाऊ? प्रभारी झाले ना तुमी! संध्याकाळी घरी या जेवाले. घरवालीले भरीत करायले सांगतो."

भालचंद्राने त्याचा चेहरा बारकाईने तपासला. एखादी शंका, थोडासा राग, काहीही चालले असते. तसले काहीच तिथे नव्हते.

"भरीत मले सोसत नाही," तो म्हणाला.