पालमेट्याचा खरा माथा

पोचूला मरून सात वर्षं झाली होती, आणि सात वर्षं गाव त्याला भेकड म्हणत होतं.

१९५० साली हैजाची, म्हणजे पटकीची, साथ ओसरल्यावर गावानं पालमेट्याच्या माथ्यावर पितळी घंटा बांधायचं ठरवलं. घंटा घेऊन पोचू आणि त्याचा जोडीदार दादाजी डोंगर चढले. संध्याकाळी दादाजी एकटाच उतरला, खांद्यावर दोर घेऊन. "घंटा म्या बांधली. पोचू भेवानं अर्ध्यातूनच पळाला," असं त्यानं सांगितलं. पाच दिवसांनी डोंगरामागच्या नाल्यात पोचूचं प्रेत सापडलं, अस्वलानं फाडलेलं. अस्वलाच्या भीतीनं पुढं डोंगरावर कोणी फिरकलं नाही. तेव्हापासून पायथ्याशी भरणाऱ्या माघातल्या जत्रेत पहिला नारळ दादाजी फोडायचा, आणि पोचूची बायको मनकर्णा सगळ्या बायांच्या मागं उभी राहायची.

सत्तावन्नच्या चैत्रात मोहफुलं वेचत ती डोंगराच्या मागच्या अंगाला गेली आणि वर बघतच राहिली. पालमेट्याला दोन माथे होते. गावातून दिसायचा तो पुढचा, ठेंगणा. खरा उंच माथा त्याच्या आड होता. दादाजीच्या तोंडून या दुसऱ्या माथ्याचा शब्द कधी निघाला नव्हता.

तिनं भर चावडीत विचारलं, "दादाजीभाऊ, मले घंटेपाशी नवस फेडाचा हाय. घेऊन चालता का?"

चारचौघांत त्याला नाही म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी दोघं चढले. पुढच्या माथ्यावर पोचताच दादाजी खाली बसला. "घंटा चोरली वाट्टे कोणी."

"अजून वर जाचं हाय," मनकर्णा म्हणाली. दोन माथ्यांच्या मध्ये दोन पुरुष खोल घळ होती; तिच्या दोन्ही तोंडांना आणि उंच माथ्याच्या बाकी अंगांना सरळ कडा होता, मागं थेट पोचू सापडला त्या नाल्यापर्यंत. तिनं आणलेला दोर झाडाला बांधला. "चाला. नाई तर गावात सांगतो, तुमाले वाटच माईत नाई."

दोराला धरून दोघं घळीत उतरले आणि पलीकडे मुळांना धरत वर गेले. माथ्यावर वाकड्या झाडाला घंटा लटकत होती. ती चांदीच्या करदोड्यानं बांधलेली होती. करदोडा पोचूचा होता. लग्नात मनकर्णाच्या बापानं दिलेला.

"दोर धरून तुमी अलीकडंच राह्यले," ती म्हणाली. "म्हणून त्यानं कमरेचा करदोडा सोडला. मंग काय झालं?"

दादाजीनं खाली घळीकडं बोट केलं. "वापस येताना पाय मोडला त्याचा, या घळीत. हाका मारत होता. तेवढ्यात अस्वल दिसलं, वयनी. मले भेव लागला."

"अन् दोर?"

"वर ओढून घेतला. ठेवला असता तं त्याले टाकून आलो हे लोकाइले समजलं असतं."

आधी ती घळीत उतरली, दोराला धरून अलीकडे चढली आणि दादाजी मागून घळीत पोचताच दोर वर ओढून घेतला. दादाजी खालून दगडाला नखं लावत ओरडू लागला, "वयनी! दोर सोड! पाया पडतो!"

मनकर्णा कडेला बसली. त्याच्या हाका तिनं मन लावून ऐकल्या. पोचूनं किती वेळ मारल्या असतील, याचा अंदाज घेत राहिली. त्याचा घसा पार बसला तेव्हा ती उठली. पाण्याचा तुंबा तिच्या खांद्यावर होता. तो तिनं खाली टाकला नाही.

दिवेलागणीला तिनं चावडीत सगळं सांगितलं. पहाटे माणसं निघाली. करदोडा त्यांनी डोळ्यांनी पाहिला, दादाजीला वर काढलं आणि त्याच्या तोंडूनही ऐकलं. पंधरा दिवसांत तो बिऱ्हाड घेऊन गोंडपिपरीकडे गेला. मनकर्णानं माणसाला असं टाकून यायला नको होतं, असंही काहीजण बोलले.

तिची सासू रुखमाबाई मात्र जेवताना म्हणाली, "जिता काऊन ठेवला त्याले?"

"मेला असता तं माह्यावर कोणी भरोसा ठेवला नसता," मनकर्णा म्हणाली आणि तिनं आणखी भात वाढून घेतला.