मथुरेचं शेवटचं पान

देवपुरात आमच्या गल्लीत कुठलं पुस्तक चाललं आणि कुठलं पडलं, हे मी ठरवायची. खोटं वाटत असेल तर शेजारच्या भिकुबाईला विचारा. दर सोमवारी दुपारी लीलाधरभाऊ सायकलला दोन पिशव्या लटकवून यायचा. त्याच्या वाचनालयाच्या सगळ्या पुस्तकांना एकसारखा खाकी पुठ्ठा. सायकल माझ्या ओट्यापाशी लागायची. बाया जमायच्या, "तुझ्याकडे काय चालू आहे गं?", "रडवणारं आहे का?" आणि परत करणारीनं सांगायचं की आता हे कोणी वाचावं. मी म्हटलं भिकुबाईला द्या, की भिकुबाईलाच. मी म्हटलं यात पाणी जास्त आणि डाळ कमी, की त्या पुस्तकाला वर्षभर कोणी हात लावत नसे.

आणि मी शिकले किती? सोनगीरच्या शाळेत दुसरी, तीही अर्धी. सुटं अक्षर लागतं मला. जोडाक्षर आलं की चिखलात बैल बसावा तशी बसते. पुस्तकं वाचायची माझी सून, जमना. दुपारी दार लोटून ती वाचायची, मी शेंगा फोडत ऐकायची. हे आम्हा दोघींशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, माझ्या मुलालाही नाही. जमना जळगावची, दहावी झालेली, पण बोलणं पोटात ठेवणारी पोर. खोड एकच: पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान बघायची.

"अगं, डाळ शिजायच्या आधी चाटतेस कशाला?" मी ओरडायची. ती हसायची. शेवट मात्र कधी सांगायची नाही.

त्या मार्चात मथुरा नावाच्या बाईची कादंबरी चालू होती. मथुरा पहिलटकरीण, नवरा परमुलखात, घरात सासू. जमनालाही सातवा लागलेला. पहिल्या दिवशी तिनं शेवटचं पान उघडून पाहिलं, आणि त्या दिवशी ती हसली नाही. मला वाटलं, ऊन लागलं असेल. मग वाचन रोज कमी कमी होत गेलं. "आई, आज डोळे दुखतात." "आई, आज राहू द्या." वीसेक पानं उरली आणि माहेरची माणसं तिला बाळंतपणाला घेऊन गेली.

बारा दिवसांनी तिचं कार्ड आलं. मला लिहिताना ती मोठं आणि सुटं लिहायची, जोडाक्षर टाळून. त्यात होतं: "आई, पायावर सूज आली. पलंग सोडायचा नाही अशी ताकीद आहे. सगळे आपसात बोलतात, मला काही सांगत नाहीत. मथुरेचं काय झालं? मला कळवा."

धनसिंगनं, माझ्या मुलानं, कार्ड पाहिलं आणि हातातला घास ठेवून जळगावची गाडी पकडली. जाताना म्हणाला, "आई, काही असलं तर तार करतो." तार! तार काय चांगल्या बातमीची येते? त्या दिवसापासून सायकलची घंटा वाजली तरी मी दाराशी. पोस्टमन दुसऱ्या घरी गेला की देवाचे आभार मानायची.

आमच्यात पोथी लावली की अर्धी सोडत नाहीत. ज्याच्या नावानं लावली त्याच्यावर ते येतं म्हणतात. कादंबरी म्हणजे पोथी नव्हे, हे मला कळतं. मी काही वेडी नाही. पण भीतीला कुठे कळतं? पोटुशी पोर वाचत होती, पोटुशा बाईची गोष्ट, आणि ती अधांतरी माझ्या कोनाड्यात पडलेली. मी चष्मा लावला, बोट ठेवलं आणि बसले. दोन दिवसांत तीन पानं. त्या लिहिणाऱ्यानं तर दर ओळीला जोडाक्षर पेरून ठेवलेलं. तिकडे पोर पलंगावर पडून वाट बघते आणि इकडे मी एका शब्दाशी झोंबते.

कोणाला वाचायला सांगावं? ज्या गल्लीला मी चार वर्षं पुस्तकं सुचवली, त्या गल्लीला?

शनिवारी भिकुबाईकडे उडदाचे पापड होते. आमच्याकडे पापड एकटीनं लाटत नाहीत, आज हिच्याकडे तर उद्या तिच्याकडे. सात जणी पोळपाट घेऊन बसलेल्या. कमलबाई माझ्यासमोर. ही सातवी पास, आणि ते सातवीपण ती कुंकवासारखं कपाळावर लावून फिरते. माझं तिचं कधी जमलं नाही.

"अक्का, मथुरा अजून तुझ्याकडेच?" ती म्हणाली. "माझा नंबर कधी? का पाठ करतेस?"

"काही जणी गिळतात, काही जणी चावतात," मी म्हटलं.

बाया हसल्या. भिकुबाई मला लाटी देता देता सहज म्हणाली, "अक्का, तुनी सून कशी शे वं?" कशी आहे सून, एवढंच विचारलं तिनं.

माझा पापड फाटला. तीस वर्षांत लाटताना माझा पापड फाटलेला कोणी पाहिला नव्हता. मी लाटणं खाली ठेवलं, पिशवीतून पुस्तक काढलं आणि कमलबाईच्या पोळपाटाशेजारी ठेवलं.

"वाच," मी म्हटलं. "खूण घातली आहे तिथून. मला वाचता येत नाही."

"चष्मा विसरलीस का?"

"चष्मा आहे. वाचताच येत नाही. जमना वाचायची, मी ऐकायची."

कोणीतरी तोंडाला पदर लावला. कमलबाई सोडते होय? "मग मागच्या दिवाळीला मी सुचवलेलं पुस्तक? भाषा बोजड म्हणून तू चार बायांत पाडलंस ते?"

"ऐकूनसुद्धा बोजडच वाटलं मला," मी म्हटलं. "नंतर मला हवं ते बोल, कमल. वर्षभर बोल. आधी हे वाच." आणि कार्ड काढून तिच्या हातात दिलं.

तिनं ते वाचलं. दोनदा वाचलं. मग पिठाचे हात पदराला पुसले आणि खुणेचं पान उघडलं.

वाचते मात्र सुरेख, ते मी नाकारणार नाही. आम्ही लाटत होतो, ती वाचत होती. मथुरेला कळा लागल्या, नदीला पाणी, सुईण पलीकडच्या काठाला. माझे पापड जाड पडायला लागले तरी कोणी बोललं नाही. शेवटचं पान आलं आणि कमलबाई थांबली.

"पाणी दे गं," ती भिकुबाईला म्हणाली. प्यायली. मग पुढे वाचलं, "आणि पहाटे बाळ रडलं. सुईण बाहेर येऊन म्हणाली, काळजी करू नका हो, दोघं सुखरूप." पुस्तक मिटलं. "झालं. संपलं. लाट्या सुकतील, हात चालवा."

बायांनी सुस्कारा टाकला. मी नाही. तोवर तो लिहिणारा एवढ्या जड भाषेत बोलत होता, आणि शेवटच्या पानावर एकदम आमच्या गल्लीतल्यासारखा कसा बोलायला लागला?

घरी येऊन उजेड होता तोवर मी शेवटच्या पानावर बोट ठेवून बसले. चारच ओळी लावल्या, पुरेशा होत्या. बाळ रडलं होतं, तेवढं खरं. मथुरेचे डोळे मिटले होते, ते उघडले नव्हते.

मी पुस्तक मिटलं. आणि तेव्हा मला ते उशिरा सुचलं, जे पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं. जमनानं हे पान पाहिलेलं होतं. पहिल्याच दुपारी. म्हणून ती हसली नाही, म्हणून वाचन पुढे जाऊ देईना. पुस्तकात काय आहे हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. मग पलंगावर पडून ती मला विचारत काय होती? पुस्तकात काय लिहिलंय ते नव्हे. मी काय म्हणते, ते.

सोमवारी सायकल लागली. लीलाधरभाऊनं पुस्तक घेतलं. "अक्का, आता कोणाला देऊ?"

"या गल्लीत कोणालाच नको. आम्ही सगळ्यांनी मिळून ऐकलं."

"मला दे," मागून कमलबाई म्हणाली. "माझा नंबर होता."

"तुझं वाचून झालंय, कमल," मी म्हटलं. "चांगलं वाचलंस. लिहिणाऱ्यापेक्षा चांगलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीत वाकून दुसरं पुस्तक काढलं, काखेत मारलं आणि म्हणाली, "उद्या दुपारी येते. शेंगा तू फोड. आणि बोजड म्हणालीस तर उठून जाईन."

ती गेल्यावर मी कार्ड घेऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातानं पत्र. लेखणी कागदाला अडकत होती. मोठं आणि सुटं लिहिलं: "जमना, मथुरा आणि बाळ, दोघं सुखरूप. मी पाहिलं. तू ऐक माझं."

पांझरा नदीच्या पुलाअलीकडे लाल पेटी आहे. तिथवर जाऊन कार्ड टाकलं, आत पडल्याचा आवाज ऐकला. पोचायला दोन दिवस. परत फिरले तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोस्टमनची सायकल उभी होती, आणि तो घर शोधत नव्हता. तो माझ्याच ओट्यावर बसला होता; तार हातातच द्यावी लागते. मी पदर खोचला आणि चालत राहिले. गल्ली बघत होती.